सेल बदलला, तरी गेमचा सेव्ह पुन्हा का उडतो?

गेमबॉय या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटमधला सेल बदलला, गेम सेव्ह झाला, बंद करून परत लावला तेव्हा सेव्ह जागेवर होता. काम झालं असं वाटतं. मग काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, पडद्यावरून ‘कंटिन्यू’ गायब होतं आणि नुसतं ‘न्यू गेम’ उरतं. अशा वेळी बहुतेकजण आणखी एक सेल आणून बसवतात. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. आधीचा सेल का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो. प्रत्येक वेळी सोल्डर तापवून उतरवताना पीसीबीवरचे, म्हणजे चिप बसवलेल्या बोर्डावरचे, तांब्याचे पॅड थोडे सैल होतात. सेल दहा मिळतील, पॅड उखडला की त्या कॅसेटचं दुखणं वाढतं.

(आपल्याकडे कार्ट्रिजला कोणी कार्ट्रिज म्हटलं नाही, सगळे कॅसेटच म्हणायचे. मीही तेच म्हणतो.)

माझ्या हातातली कॅसेट आतेभावाची, पोकेमॉन सिल्व्हर. २००१ च्या मे महिन्यात आतोबा न्यू जर्सीहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी ती आणली होती. तोवर आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचं झाकणावर छापलेलं असायचं, पण सेव्ह हा प्रकारच नव्हता. दुपारी लाइट गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. त्यामुळे काल जिथे थांबलो तिथूनच आज सुरू होणारा गेम ही आम्हा भावंडांना नवलाची गोष्ट होती. पुढे बऱ्याच वर्षांनी आतेभावानं ती ट्रंकेतून काढली तेव्हा सेव्ह उडालेला होता आणि सेल बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी ते दोनदा चुकीचं केलं. दोन्ही चुका पुढे तपशिलात सांगतो, कारण दोन्ही फार सर्रास होतात.

आधी सेल नक्की करतो काय ते बघू, म्हणजे पुढचं शोधकाम सोपं जाईल. या कॅसेटमध्ये गेम रॉम चिपवर असतो, त्याला सेलची गरज नाही. तुमचा सेव्ह मात्र ३२ किलोबाइटच्या एका रॅम चिपमध्ये असतो, आणि वीज तुटली की ही रॅम सगळं विसरते. गेमबॉय चालू असताना रॅमला वीज गेमबॉयकडून मिळते. बंद केला की एक छोटी चिप वीजपुरवठा सेलवर वळवते. साधारण २ व्होल्टच्या खाली गेलं की अशा रॅमच्या स्मरणाची खात्री उरत नाही. पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या तिन्ही गेममध्ये आणखी एक गोष्ट आहे: खरं घड्याळ. गेममध्ये रात्र आणि दिवस होतात ते यामुळेच. त्यातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल अहोरात्र चालू असतो आणि तोही याच सेलवर जगतो. म्हणून त्याआधीच्या, घड्याळ नसलेल्या पोकेमॉन रेड आणि ब्लूचे सेल अजून कुठे कुठे जिवंत सापडतात आणि त्यांच्यानंतर आलेल्या गोल्ड-सिल्व्हरचे आधी संपतात.

पहिलं काम: मल्टीमीटर

सेव्ह उडाला की सेल काढू नका. कॅसेट उघडा आणि सेल जागेवर असतानाच व्होल्टेज मोजा. त्याच्या खास स्क्रूसाठी ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या पान्यानं किंवा वितळवलेल्या पेनच्या नळीनं स्क्रूचं डोकं खराब करून घेऊ नका. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. सेलची अक्षरं कोरलेली रुंद बाजू धन. आकडा वाचा आणि लिहून ठेवा.

आकडा ३ व्होल्टच्या आसपास आला, तर सेलमध्ये जीव आहे आणि तो रॅमपर्यंत पोचत नाही. आकडा २.५ च्या खाली आला, तर सेल रिकामा झाला आहे आणि तो इतक्या लवकर का रिकामा झाला हे शोधायचं आहे. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून लोक दोन्हींवर एकच औषध करतात.

एक लक्षात असू द्या. लिथियमचा बटन सेल नवा असताना ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो, मग आयुष्यभर ३ च्या जवळपास राहतो आणि शेवटी एकदम घसरतो. त्यामुळे ३.० हा आकडा सेल किती उरला ते सांगत नाही. आज तो जिवंत आहे एवढंच सांगतो.

सेल जिवंत, तरी सेव्ह गेला

माझी पहिली चूक इथली. मूळ सेलला धातूच्या दोन पातळ पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं चिकटवलेल्या असतात आणि त्या पट्ट्या पीसीबीला सोल्डर केलेल्या असतात. मी जुना सेल पट्ट्यांपासून सोलून काढला, नवा सीआर२०२५ त्याच पट्ट्यांमध्ये सरकवला आणि वरून काळी इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली. सोल्डरिंगची गरज नाही, पाच मिनिटांत काम. तीन आठवडे चाललं. मग आतेभावाच्या मुलाच्या हातून कॅसेट फरशीवर पडली आणि सेव्ह गेला. उघडून मोजलं तर सेल ३.२ व्होल्ट. धक्क्यानं पट्टी क्षणभर सुटली असणार, आणि रॅमला तो क्षण पुरतो. टेपचा गोंद उन्हाळ्यात पातळ होतो, पट्टी हलते, खाली बारीक काळा थर बसतो. टेपचा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. ज्याचा सेव्ह वारंवार उडतो त्याला मी आधी हेच विचारतो: टेप लावली आहे का?

टेप नसेल तर सोल्डरचे जोड बघा. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो इथे हमखास असतो. नीट बसलेला सोल्डर चकचकीत असतो आणि पट्टीच्या कडेला उतार घेऊन पसरतो. ड्राय सोल्डर राखाडी, खडबडीत दिसतो, किंवा पट्टीवर थेंबासारखा नुसता बसलेला असतो. भिंगातून बघितलंत तर कधी थेंबाभोवती केसासारखी गोल चीरही दिसते. धातूची पट्टी उष्णता शोषून घेते, म्हणून घाईनं टेकवलेल्या सोल्डरिंग गनचा सोल्डर वरवर वितळतो, खाली पकडत नाही.

डोळ्यांना खात्री पटत नसेल तर रॅम चिपवर मोजा. २८ पायांची चिप असेल तर एका कोपऱ्यात ठिपका किंवा खाच असते. तिथला पाय १ नंबरचा, आणि त्याच्या बरोबर समोरचा २८ नंबरचा. वीज या २८ व्या पायावर येते, १४ वा पाय ग्राउंड. कॅसेट गेमबॉयच्या बाहेर असताना या दोन पायांवर सेलच्या व्होल्टेजच्या जरासा खाली आकडा दिसला पाहिजे. सेलवर ३ आणि २८ व्या पायावर शून्य, तर वाट मध्येच तुटली आहे. प्रोब तिथेच धरून दुसऱ्या हाताने पट्टी लाकडी काडीने हलकेच दाबा. आकडा उड्या मारू लागला की जोड सापडला.

दर वेळी गेमबॉय बंद केल्या केल्याच सेव्ह जात असेल, एकदाही टिकत नसेल, तर सेल उलटा बसलेला आहे का ते आधी बघा. पीसीबीवर धन-ऋण छापलेलं असतं. टॅगवाला, म्हणजे पट्ट्या आधीच वेल्ड केलेला, नवा सेल घेताना त्याच्या पट्ट्यांची दिशा मूळ सेलशी जुळते का हे पाहिलं नाही, तर ही चूक सहज होते.

आणि एक अगदी साधी शक्यता: सेव्ह करतानाच गेम अडकत असेल, तर सेलशी संबंध नाही. कॅसेटच्या सोनेरी दातांवर मळ आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड. फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण तोंडातली वाफ त्या दातांना चांगली नाही.

सेलच रिकामा झाला

टेपनंतर मी रीतसर टॅगवाला सेल आणला, नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत सोल्डर केला. जोड उत्तम. आषाढात सेव्ह गायब. मोजलं तर १.७ व्होल्ट. साडेआठ महिन्यांत पूर्ण सेल संपला, जिथे मूळ सेल दहा वर्षांच्या वर टिकला होता.

इथे थोडं गणित कामाला येतं. सीआर२०२५ मध्ये साधारण १६० एमएएच (मिलिअँपिअर-तास) असतात, म्हणजे १,६०,००० मायक्रोअँपिअर-तास. वर्षाचे तास ८,७६०. भागिले की १८ येतात. याचा अर्थ कॅसेट सतत १८ मायक्रोअँपिअर खात असेल तर सेल वर्षभर पुरेल, आणि २ मायक्रोअँपिअर खात असेल तर नऊ वर्षं. आता तुमची कॅसेट किती खाते ते घरच्या मीटरनंही मोजता येतं. सेलची धन पट्टी पीसीबीपासून सोडवा आणि सेल व पॅड यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. मीटर २०० मिलीव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांवर मोजा. जितके मिलीव्होल्ट, तितके मायक्रोअँपिअर. आकडा स्थिर व्हायला एखादा मिनिट द्या.

माझ्या मीटरवर २६ आले. १,६०,००० ला २६ ने भागा, ६,१५४ तास, म्हणजे २५६ दिवस. दिवाळी ते आषाढ! तो आकडा वहीत मांडला तेव्हा दोन वर्षांचं कोडं एका ओळीत सुटल्यासारखं वाटलं. सेल विकणाऱ्यावर मी मनातल्या मनात किती चिडलो होतो, आणि सेल बिचारा चोख होता.

मग ते २६ जात होते कुठे? पीसीबी खिडकीपाशी तिरका धरला तेव्हा दिसलं. सेलच्या धन पॅडपासून शेजारच्या ग्राउंडच्या पट्ट्यापर्यंत पिवळसर, चिकट साय. सोल्डर नीट पकडावा म्हणून मी डबीतली मलमासारखी फ्लक्सची पेस्ट हात सैल सोडून लावली होती आणि नंतर नुसती फडक्यानं पुसली होती. अशा काही पेस्टमध्ये आम्ल किंवा क्षार असतात. कोरड्या हवेत त्या गप्प राहतात. पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतात आणि दोन पॅडच्या मध्ये विजेला वाट करून देतात. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी तर याकडे फार लक्ष द्यावं, तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून जुन्या टूथब्रशनं घासलं, तीनदा. प्रत्येक वेळी वर आलेलं पिवळं पाणी टिशूनं टिपून घेतलं, कारण नुसतं घासलं तर तोच थर सगळ्या बोर्डभर पसरतो. रात्रभर सुकू दिलं. सकाळी मीटरवर ३. तेव्हापासून राळेचा फ्लक्स असलेली चांगली सोल्डर तार वापरतो आणि पेस्टची डबी इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाजवळ फिरकू देत नाही.

तुमच्याकडे फ्लक्स दिसत नसेल, तर जुना सेल गळून गेलेला होता का बघा. त्याचा पांढरा किंवा हिरवट खार असाच वाट काढतो. सफाईनंतरही आकडा मोठाच राहिला तर दोष चिपमध्ये किंवा एखाद्या कपॅसिटरमध्ये असू शकतो. ते काम अनुभवी माणसाकडे द्यावं. उलट आकडा २ किंवा ३ आहे आणि तरीही सेल वर्षात संपला, तर मग सेल जुना किंवा नकली होता. पाकिटावरची तारीख बघून, ओळखीच्या कंपनीचा घ्यावा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे फिरलात तर टॅगवाले सेल विचारून मिळतात.

बसवताना

गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलला सीआर२०२५. इतर कॅसेटमध्ये उघडल्यावर जुन्या सेलवर कोरलेला नंबर वाचावा आणि तोच घ्यावा. सीआर२०३२ मध्ये २२० एमएएचच्या आसपास ताकद असते म्हणून काहीजण २०२५ च्या जागी तो बसवतात. बसतो, पण तो २०२५ पेक्षा ०.७ मिलिमीटरनं जास्त जाड आहे. झाकण त्याच्यावर दाबून बसतं आणि तो दाब पट्टीच्या जोडावर येतो. ज्याची तक्रारच जोड सुटण्याची आहे त्यानं हा मोह टाळावा असं माझं मत. एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा सेल तर मुळीच नको. तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि कॅसेटमध्ये चार्जिंगची सोयही नाही.

सेलवर थेट सोल्डर करू नका, कितीही जण करताना दिसले तरी. आत लिथियम आहे. उष्णतेनं सेल फुगतो, फुटू शकतो, आणि फुटला नाही तरी आतून निकामी होतो. पट्ट्या कारखान्यात वेल्ड केलेला टॅगवाला सेलच घ्या.

जुना सेव्ह अजून शाबूत असेल, तर सेल काढण्याआधी तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यूसारखे कॅसेट रीडर मिळतात. फाइल एवढीशी, ३२ किलोबाइट आणि घड्याळाची नोंद, पण त्यात कुणाचं तरी अख्खं बालपण असतं. नवा सेल बसला की तीच फाइल परत कॅसेटमध्ये लिहिता येते. ज्यांनी हे केलं नाही म्हणून दहावीच्या सुट्टीतला सेव्ह गमावला, अशा दोघांना मी ओळखतो. सेल काढल्यावर तो परत आणायचा मार्ग नाही.

सोल्डर उतरवताना जुन्या जोडावर आधी चिमूटभर नवा सोल्डर वितळवा. उलटं वाटतं, पण जुना सोल्डर त्यामुळे लवकर पातळ होतो. गन ३५० अंशांच्या आसपास, दोन-तीन सेकंद, आणि पट्टी आपसूक सुटेल तेव्हाच उचलायची. ओढायची नाही. नव्या सेलखाली उष्णता सोसणाऱ्या टेपचा एक तुकडा घाला म्हणजे सेलची पाठ बोर्डाला टेकणार नाही. काम झालं की सेलवर बारीक मार्करनं तारीख लिहा. पुढे तुमच्यानंतर जो कोणी उघडेल त्याचं निम्मं शोधकाम त्या तारखेनं वाचेल.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना टेप लावून ई-कचऱ्यात द्या. घरात लहान मूल असेल तर तो टेबलावर क्षणभरही ठेवू नका. बटन सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.

थोडं घड्याळाबद्दल, आणि गेमबॉय अॅडव्हान्सबद्दल

सेव्ह टिकतो पण गेममधलं घड्याळ थांबतं किंवा मागे पडतं, अशी तक्रार असेल तर घड्याळाच्या क्वार्ट्झ क्रिस्टलचे जोड बघा; सेलला हात लावू नका. गेमचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तपासा.

गेमबॉयच्या पुढच्या पिढीतल्या अॅडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्ड या कॅसेटमध्ये सीआर१६१६ असतो, पण तो फक्त घड्याळासाठी. सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो. सेल संपला की गेम सुरुवातीलाच सांगतो की आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल, पण वेळेवर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. नवा सेल घातला की घड्याळ मूळ तारखेला जातं आणि सेव्हमधला दिवस त्याच्या पुढचा असतो, म्हणून जुन्या सेव्हमध्ये गेममधली बेरीची झाडं लगेच वाढत नाहीत. सेल खराब नाही, बिथरून पुन्हा उघडू नका. नवा गेम सुरू केला तर घड्याळ नीट चालतं. आणि या तिघांपैकी एखाद्यात सेव्हच उडत असेल, तर कॅसेट नकली असण्याची शक्यता मोठी. दातांच्या वर बोर्डावर ‘निन्टेन्डो’ छापलेलं दिसतं का बघा. नकली कॅसेटमध्ये साधी रॅम आणि छोटा सेल असतो, आणि मग वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू होतं.

सगळं झाल्यावर माझी तपासणी अशी: गेम सुरू करायचा, सेव्ह करायचा, बंद करून कॅसेट बाहेर काढायची, तळहातावर चार-पाच वेळा आपटायची, रात्रभर ठेवायची. सकाळी सेव्ह आहे? आतेभावाच्या सिल्व्हरमध्ये होता. त्याच्या मुलानं सिंडाक्विल हा पोकेमॉन निवडला होता आणि आपल्या आजीचं नाव त्याला दिलं होतं. सेलवरची तारीख २१ जुलै आहे. त्यानंतर तीन पावसाळे झाले. गेल्या आठवड्यात उघडून मोजलं, ३.०२ व्होल्ट.